पळणारे पाय

आज माळावरच्या चिंकारा हरणाच्या पायांविषयी बोलूया.

आधी आपल्या शेळीचा मागचा पाय आठवा. मध्यावर मागे वळलेला सांधा दिसतो ना, तो गुडघा नव्हे, ती टाच! खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. म्हणजे शेळी आणि चिंकारा दोघंही बोटांच्या टोकांवर चालतात. जमिनीला टेकतात ते दोन खूर म्हणजे दोन बोटांची नखं. मांस सगळं वर मांडीत, खाली नुसती लांब हाडं आणि शिरा. खालचा पाय हलका, म्हणून तो झटकन उचलतो आणि ढांग लांब पडते.

बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला मिळतो. त्याचे पाय मोकळ्या माळासाठी आहेत. विहिरीत पडला तर खुरांनी उभी भिंत चढता येत नाही. कुत्री मागे लागली की तो जिवाच्या आकांताने पळतो. भीतीने आणि दमछाकीने अंगावर जखम नसतानाही मरू शकतो.

म्हणून गटाच्या बैठकीत एवढं ठरवा. उघड्या विहिरीला कठडा बांधायचा. त्याने आपली लेकरं आणि शेळ्याही वाचतील. माळावर कुत्री मोकळी सोडायची नाहीत. जखमी हरीण दिसलं तर पकडायला धावायचं नाही, गर्दी करायची नाही. कुत्री हाकला, लांब थांबा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

त्याला पळू द्या, पण पळवू नका.