मैदानाबाहेरची रात्र

(उन्हाळी क्रीडाशिबिराच्या समारोपप्रसंगी पालक व प्रशिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



समारोपाच्या दिवशी वक्त्याने खेळाचे महत्त्व सांगावे, बक्षिसे वाटावीत आणि सर्वांना चहाला मोकळे करावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मुले मैदानावर गेली आहेत, म्हणून मी जरा वेगळा विषय काढण्याचे धाडस करतो. पावसाळा लागला की शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होईल. तालुका, जिल्हा, विभाग आणि नशिबाने साथ दिली तर राज्य. तुमच्यापैकी अनेकांची मुले प्रथमच परगावी तीन-चार रात्री राहतील. सामना तास-दीड तासात संपतो. उरलेल्या वेळाचे काय, याविषयी मला बोलायचे आहे. स्पष्टच सांगायचे तर त्या वेळात मुलांच्या हाती येणाऱ्या बाटलीविषयी.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वृत्तपत्रात नवखा होतो. किशोर गटाच्या एका व्हॉलीबॉल स्पर्धेचे वार्तांकन करायला मला पाठवले होते. ज्या लॉजमध्ये मी उतरलो, तिथेच एक संघ उतरला होता. उपान्त्य सामना त्यांनी देखणा जिंकला. रात्री साडेअकराच्या सुमारास गच्चीवर गलका ऐकू आला, म्हणून वर गेलो. पंधरा-सोळा वर्षांची सात-आठ मुले, मध्ये बिअरच्या बाटल्या. संघाचा एक जुना खेळाडू विजयाचा आनंद साजरा करायला आला होता. बाटल्या त्यानेच आणल्या होत्या. संघव्यवस्थापक स्थानिक आयोजकांच्या जेवणाला गेले होते, आणि तेथेही पाणीच दिले जात होते असे नाही.

त्यातला एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. हाक मारली तर डोळे उघडेना. पालथा पडून ओकला तेव्हा बाकीची मुले हसली आणि मग एकदम गप्प झाली. रिक्षात घालून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी सलाईन लावले. ओकारी श्वासनलिकेत गेली असती तर काय झाले असते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पहाटे व्यवस्थापक आले. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "साहेब, छापू नका. पोरांचं आयुष्य बरबाद होईल." मला ते पटले. खरे म्हणजे मला ते पटवून घ्यायचे होते. अंतिम सामना तो संघ सरळ सेटमध्ये हरला आणि मी बातमीत लिहिले की, सलग सामन्यांच्या थकव्यामुळे खेळाडूंच्या हालचाली मंदावल्या होत्या. माझ्या हातून छापून आलेले ते पहिले धडधडीत असत्य. त्या मुलाच्या आईवडिलांना काही कळले की नाही, हे मी कधी विचारले नाही. त्याचे पुढे काय झाले, हेही नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, त्या रात्री एकही दुष्ट मनुष्य तेथे नव्हता. जुना खेळाडू प्रेमाने आला होता. व्यवस्थापक मुलांसाठी पदरचे पैसे घालणारा गृहस्थ होता. मीही काही वाईट हेतूने गप्प बसलो नाही. तरीही एक मूल मरणाच्या दारात जाऊन आले, कारण ती रात्र कोणाच्याच जबाबदारीत नव्हती.

"मुलगा मैदानावर असला म्हणजे व्यसनापासून दूर राहतो," असे आपण गृहीत धरतो. मीही अनेक अग्रलेखांत ते ठोकून दिले आहे. दुर्दैवाने ते अर्धसत्य आहे. निरनिराळ्या देशांतल्या अनेक पाहण्यांत सांघिक खेळ खेळणारी मुले इतरांपेक्षा कमी नव्हे, तर काही वेळा अधिक मद्यपान करताना आढळली आहेत. कारण कळण्यासारखे आहे. संघात सोबत असते, ज्येष्ठांचे अनुकरण असते, 'एक घोट घेतला नाहीस तर तू आमच्यातला नाहीस' हा दबाव असतो. जिंकलो म्हणून प्यायचे आणि हरलो म्हणूनही प्यायचे.

आपल्याकडची जुनी तालीम हे ओळखून होती. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे आपण कुस्त्यांसाठी घेतो. परंतु तालमीत मल्ल नुसता जोर-बैठका काढत नसे, तेथे राहत असे. पहाटे कधी उठायचे, थंडाई कधी घ्यायची, दिवा कधी मालवायचा, हे वस्ताद ठरवी. रात्रही वस्तादाचीच असे. तालमींत सगळेच सोवळे होते, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण पोरगा रात्री कोठे आहे, हे कोणालातरी ठाऊक असे. आपण वस्तादाला 'कोच' केले आणि त्याची जबाबदारी शेवटच्या शिट्टीबरोबर संपवून टाकली.

आता एका दूरच्या देशाचे उदाहरण देतो. आइसलँड. १९९८ साली तेथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी ४२ टक्क्यांनी गेल्या महिनाभरात आपण मद्याने धुंद झाल्याचे सांगितले होते. शाळांमध्ये मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांतला हा आकडा आहे. २०१६ साली तो ५ टक्क्यांवर आला. नुसत्या भाषणांनी हे झाले नाही. मद्य विकत घेण्याचे वय तेथे वीस आहे. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर राहायचे नाही, असा नियम आहे. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांना शासनाने पैसा पुरवला. राजधानी रेक्याविकमध्ये तर दरवर्षी प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम त्यासाठी दिली जाऊ लागली. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते पालकांचे वागणे. शाळाशाळांतल्या पालकांनी आपसांत लेखी करार केले आणि संध्याकाळी आळीपाळीने गस्त घालायला सुरुवात केली.

तेथे ऑगस्टच्या आरंभी एक मोठी जोडसुट्टी येते. तंबू ठोकून, उघड्यावर मद्यपान करीत ती घालवण्याची तरुणांची जुनी सवय. तेथल्या युवा संघटनांच्या महासंघाने १९९२ साली किशोरांची राष्ट्रीय क्रीडास्पर्धा सुरू केली आणि पुढे ती नेमकी त्याच सुट्टीत भरू लागली. वय अकरा ते अठरा. मद्याला पूर्ण मज्जाव. आईवडील आणि भावंडेही त्याच तळावर तंबूत राहतात. दिवसा सामने होतात आणि संध्याकाळी सर्वांसाठी गाण्याबजावण्याचे कार्यक्रम. म्हणजे आयोजकांनी सामन्यांचे वेळापत्रक आखले, तसे रात्रीचेही आखले. याच देशाने २०१६च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवले. तेव्हा त्याची लोकसंख्या अवघी सव्वातीन लाखांच्या घरात होती. तो विजय केवळ यामुळे मिळाला असे मी म्हणणार नाही. चांगले प्रशिक्षक आणि आच्छादित मैदाने यांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे कायदे नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी एकवीस आणि इतर मद्यासाठी पंचवीस ही वयोमर्यादा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७७ नुसार मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. माझ्या कथेतला तो प्रेमळ जुना खेळाडू आज असे करता, तर याच कलमात बसला असता. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय घडले, ते आपण सर्वांनी वाचले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सतरा वर्षांच्या मुलाला परीक्षेच्या निकालाच्या आनंदात मद्य मिळाले, हाती मोटारीची किल्ली मिळाली, आणि दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. कायदा तेव्हाही होता.

जाहिरातींविषयी बोलू लागलो तर चहा गार होईल. मद्याच्या नावाचा सोडा आणि मद्याच्या नावाचा संघ पाहत मुले वाढतात, एवढेच नोंदवतो. याच देशात २००१ साली ऑल इंग्लंड जिंकून आलेल्या पुलेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरातसुद्धा नाकारली होती, हेही मुलांना कधी सांगा.

मुलांना दरडावू नका, एवढी विनंती. दरडावलेला मुलगा संकटात सापडला की घरी फोन करत नाही, मित्राला करतो. "काही झाले तरी आधी मला फोन कर, ओरडणार नाही," हे वाक्य बॅग भरताना त्याच्या कानावर घाला, आणि फोन आलाच तर ते पाळा. घरच्या समारंभात "मोठा झालास, घे घोटभर" म्हणणारे काका-मामा असतील, तर त्यांच्याशी आधी बोला. व्यवस्थापकाला विचारा: मुक्काम कोठे, हजेरी किती वाजता, मुलांसोबत झोपणार कोण? बक्षीस समारंभानंतरच्या रात्री काय ठरवले आहे, हे तर नक्की विचारा, कारण दुसऱ्या दिवशी सामना नसतो. प्रश्न विचारला म्हणजे अविश्वास दाखवला, असे प्रशिक्षकांनीही मानू नये.

तुमच्या शाळेचा संघ जुलैत बाहेरगावी जाणार आहे, असे सरांनी मघाशी सांगितले. सोबत दोन पालक हवे आहेत आणि अजून एकाचेही नाव आलेले नाही. कागद येथे टेबलावर आहे. पहिले नाव मी माझे लिहिले आहे. माझे कोणी मूल या संघात नाही. सरांची हरकत नसेल तर ते ठेवावे, आणि दुसरे नाव चहा घेण्यापूर्वी लिहावे.