केसांस वळण देणारी घरगुती गुंडाळी

भिवापूरची ख्याति मिरचीमुळें आहे. परंतु केसांस वळण देण्याचें साधन तेथील गृहिणीला थोडा कापूस व जुनें लुगडें यांतूनच करतां येतें. कार्ल नेसलर यांनीं १९०६ सालीं लंडनमध्यें केस कायमचे कुरळे करून दाखविले, तेव्हां जड पितळी नळ्यांचा भार वरून टांगून तोलावा लागे. घरीं एवढा खटाटोप नको. ओलाव्यानें केसांतील हायड्रोजनचे बंध सुटतात आणि केस वाळतांना गुंडाळीच्या आकारांत ते पुन्हां जुळतात.

मऊ कापडाची वीतभर लांब, बोटाएवढी जाड पिशवी शिवून तींत कापूस सैल भरावा. दोन्ही टोंकांस बंद ठेवावे. केस किंचित् ओलसर असतांच गुंडाळावे. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीस रात्रच काय ती मोकळी. म्हणून उशीवर डोकें टेकतांना गुंडाळी टोंचतां कामा नये. गांठ फार आवळूं नये. मुळांवर सतत ताण पडल्यास केस गळतात. मिरची हाताळली असल्यास आधीं हातांस तेल चोळून मग ते साबणानें धुवावे, कारण तिखटपणा नुसत्या पाण्यानें जात नाहीं. दमट हवेंत वळणें लौकर उलगडतात. त्यांत करणारीचा दोष नसतो.