कीबोर्डवरचा हात काढ

(नव्या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि चहाचे आवाज काढून टाकलेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की कॉलेजमधल्या क्लबचा नोकरीत उपयोग झाला का. रेझ्युमेवर एक ओळ वाढली, एवढाच झाला. पण शिकवण्यात झाला का असं विचाराल, तर त्याचं उत्तर लांब आहे. आज तेच सांगतो, आणि त्यात माझी एक मोठी चूक आहे.

मी बीटेक २०१९ चा. पश्चिम महाराष्ट्रातलं कॉलेज, नाव राहू द्या. आमचा लिनक्सचा क्लब होता. आयट्रिपलई, आयएसटीई, सीएसआय यांच्या शाखाही कॉलेजात होत्या, त्यांना केबिन होती, बॅनर होते. आमच्याकडे दोन कपाटं आणि एक खोकं भरून पेनड्राइव्ह. दरवर्षी पहिल्या वर्षाची पोरं आली की आम्ही इन्स्टॉल फेस्ट घ्यायचो. म्हणजे काय, तर पोरांनी आपापले लॅपटॉप आणायचे आणि आम्ही विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकून द्यायचं.

२०१६ चा सप्टेंबर. मी दुसऱ्या वर्षाला. जिओ नुकतंच सुरू झालं होतं, सगळं हॉस्टेल सिमकार्डाच्या रांगेत. उबुंटू १६.०४ ची फाइल दीड जीबीच्या आसपास, ती एकदाच उतरवून सगळ्या पेनड्राइव्हवर टाकलेली. लॅबमध्ये साठेक पोरं आणि आम्ही आठ व्हॉलंटियर. मी त्यातला सगळ्यात नवीन आणि अर्थातच सगळ्यात जास्त शहाणा.

माझ्याकडे एक मुलगा आला. मराठी माध्यमातून आलेला, शांत. त्याने विचारलं, "दादा, हे पार्टिशन म्हणजे काय?" मी म्हणालो, "ते सोड, तुला नाही कळणार आत्ता. इकडे दे." आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

ज्यांनी उबुंटू टाकलंय त्यांना माहीत आहे, इन्स्टॉलर मध्येच विचारतो की विंडोजच्या शेजारी टाकू की सगळी डिस्क पुसून टाकू. तिसरा लॅपटॉप होता, घाई होती, मागे रांग होती. मी पुसण्याचा पर्याय निवडला. पुढे तो परत एकदा विचारतो, बदल डिस्कवर लिहू का म्हणून. तिथेही मी न वाचता एंटर मारलं.

दहा मिनिटांनी त्याने विचारलं, "दादा, डी ड्राइव्ह कुठंय?"

डी ड्राइव्हमध्ये त्याच्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो होते. मे महिन्यातलं लग्न. फोटोग्राफरने पेनड्राइव्ह दिला होता, तो याने कॉपी करून दुसऱ्या कामाला वापरला होता. म्हणजे दुसरी प्रत नाही. तो ओरडला नाही, रडलाही नाही. "घरी काय सांगू?" एवढंच म्हणाला.

मी काय केलं असेल? मी म्हणालो, "बॅकअप घ्यायचा असतो ना रे." हे वाक्य आजही आठवलं की अंग चोरावंसं वाटतं. कारण बॅकअप घ्यायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या पोस्टरवर तारीख होती, वेळ होती, 'चहा-नाश्त्याची सोय' असंसुद्धा होतं. बॅकअप नव्हता.

आमचा चौथ्या वर्षाचा एक दादा तिथे आला. त्याने आधी लॅपटॉप बंद करायला लावला, कारण डिस्कवर नवीन काही लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालू केलं, एक एक्सटर्नल हार्ड डिस्क जोडली आणि फोटोरेक नावाचा प्रोग्राम लावला. आणि खुर्चीवर मला नाही, त्या मुलाला बसवलं. मी कमांड सांगायला पुढे झालो, तर मला म्हणाला, "कीबोर्डवरचा हात काढ. त्याचा लॅपटॉप आहे, तो करेल. तू तोंडाने सांग. आणि त्याला कळेल असं सांग."

रात्रभर ते चाललं. पाचशे जीबीची साधी फिरणारी डिस्क, वेळ लागतोच. फोटोरेक फाइलचं नाव, फोल्डर काही बघत नाही. डिस्कवरच्या कच्च्या डेटात फोटोची सुरुवात कशी दिसते ते ओळखून तुकडे बाहेर काढतो. त्यामुळे सकाळी आमच्यासमोर हजारो फाइल होत्या, नावाच्या जागी नुसते आकडे. हळदीचा फोटो, त्याच्या शेजारी कुठल्या तरी वेबसाइटचं बटण, मग वरात. बरेच मिळाले. सगळे नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा कुणाला तरी पार्टिशन म्हणजे काय ते समजावलं. वावराचा बांध घालतो ना, तसं. जमीन एकच, बांध घातला की दोन वाटे. मी बांध मोडला आणि सगळ्या वावरात दुसरं पीक पेरलं. तो लगेच म्हणाला, "मग जिथं अजून पेरलं नाही तिथलं जुनं सापडंल." फोटोरेक नेमकं हेच करत होता. दुपारी त्याच पोराला मी म्हणालो होतो, तुला नाही कळणार.

मला वाटलं क्लबमधून काढतील. दादाने पुढच्या आठवड्यात मला सांगितलं, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या पोरांसाठी परत इन्स्टॉल फेस्ट आहे, सूचनापत्रक तू लिही. मराठीत लिही. मी लिहिलं. पहिली ओळ: बॅकअप घेतलास का? नसेल तर आज घरी जा. दुसरी: व्हॉलंटियरने तुझ्या कीबोर्डला हात लावला तर त्याला सांग, लावू नको.

मला वाटतं विद्यार्थ्यांच्या संघटनेत हेच होतं, जे ट्रेनिंग प्रोग्रामात होत नाही. दर चार वर्षांनी सगळी माणसं बदलतात. म्हणून जो कालच शिकलाय त्याला आज शिकवावं लागतं, आणि कुठे अडलं होतं ते त्याला ताजं आठवत असतं. अमेरिकेत एफएफए म्हणून शेती शिकणाऱ्या शाळकरी मुलांची संघटना १९२८ पासून आहे. तिथे शाळेतला शेतीचा शिक्षक हाच शाखेचा सल्लागार असतो, आणि त्या शिक्षकांतले बरेच जण स्वतः कधीकाळी तिचे सदस्य असतात. साखळी आहे ती.

आपल्याकडे साखळी कुठे तुटते तेही सांगतो. पदं वाटायला लागलो की. आमच्याच क्लबमध्ये नंतर एक वर्ष असं आलं की चौदा 'हेड' होते. सोशल मीडिया हेड, हॉस्पिटॅलिटी हेड. गिट शिकवायला उभं राहायला कुणी नाही. सर्टिफिकेट मात्र छान छापली होती. मीसुद्धा घेतलं, खोटं कशाला बोलू.

आता कंपनीत माझ्याकडे दर सहा महिन्यांनी दोन इंटर्न येतात. परवा एकीने टेस्टिंगच्या डेटाबेसमधलं एक टेबल उडवलं. माझा हात तिच्या लॅपटॉपकडे गेलाच होता. मागे घेतला. म्हणालो, "आधी सांग, शेवटची कमांड काय दिली होतीस?" तासभर लागला. मी केलं असतं तर पाच मिनिटं. मॅनेजरने विचारलं इतका वेळ का, त्याला मी काहीतरी उत्तर दिलं.

आणि तो मुलगा आता एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "दादा, आमच्याकडे इन्स्टॉल फेस्ट आहे, याल का?" मी म्हटलं, आता व्हर्च्युअल मशीनवर करत असशील, धोका नको. म्हणाला, "नाही दादा, खऱ्या लॅपटॉपवरच." मग जरा थांबून म्हणाला, येताना तुमची एक्सटर्नल हार्ड डिस्क घेऊन या.

शनिवारी जातोय.