शब्दांतून समीकरणाकडे

भिलाईच्या रिसाली भागातील एखाद्या मराठी घरी सायंकाळी गणिताची वही उघडली, की मुलाला दोन भाषांतरे करावी लागतात. पुस्तकातील हिंदी किंवा इंग्रजी वाक्य आधी मनातल्या मराठीत आणावयाचे आणि मग ते चिन्हांत मांडावयाचे. बेरीज-वजाबाकीत तो सहसा चुकत नाही. चुकते ती पहिलीच ओळ. आणि घरची मंडळी मात्र ‘गणितात कच्चा’ असा शिक्का मारून मोकळी होतात.

‘दर शिक्षकामागे 6 विद्यार्थी आहेत’ हे साधे वाक्य घ्या. शब्दांच्या क्रमाने जाणारा मुलगा ‘शि = 6 वि’ असे लिहितो. पण शिक्षक 10 असतील, तर विद्यार्थी 60; म्हणून खरे समीकरण ‘वि = 6 शि’ असे हवे. अमेरिकेत 1980 च्या सुमारास अभियांत्रिकीच्या 150 नवागत विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला, तेव्हा 37 टक्के चुकले. अक्षर हे वस्तूचे संक्षिप्त नाव नव्हे, ते संख्येचे नाव आहे, एवढेच त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ही जाण बाराव्या शतकातच दिली होती. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. आचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जेवढी असेल तेवढी’ असे नाव आहे. त्यातील एक उदाहरण असे: एकाजवळ 300 नाणी व 6 घोडे आहेत, दुसऱ्याजवळ तसेच 10 घोडे, पण डोक्यावर 100 नाण्यांचे ऋण. दोघांची संपत्ती सारखी. तर घोड्याचे मोल किती?

मोल ‘य’ मानले, तर 6य + 300 = 10य − 100. म्हणजे 4य = 400, आणि य = 100. प्रत्येकाची संपत्ती 900 ठरते. आता कोणी घाईने ऋणाऐवजी धन मांडले, तर 6य + 300 = 10य + 100, आणि य = 50. हे उत्तर त्या समीकरणात घालून पाहावे, तर दोन्ही बाजू 600 येतात! मुलगा निश्चिंत होतो. पण तेच उत्तर मूळ गोष्टीत घालावे: पहिल्याजवळ 600, दुसऱ्याजवळ 500 वजा 100, म्हणजे 400. चूक तत्काळ उघडी पडते.

म्हणून ताळा पाहावयाचा तो समीकरणाशी नव्हे, मूळ शब्दांशी. वाक्य सावकाश वाचावे, कशाची संख्या अज्ञात आहे हे शब्दांत लिहावे, एखादी सोपी संख्या घालून पाहावे आणि शेवटी पुन्हा गोष्टीकडे परतावे. एवढी सवय लागली, तर कच्चे होते ते वाचन, गणित नव्हे, हे त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांनाही उमगेल.