पाठांतर सोडा, बाणाचा माग काढा

(शहाड येथे विद्यार्थी व मदतनीसांपुढे केलेले भाषण)



मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरची मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात. अकरावी सायन्सला पुस्तक इंग्रजी होते. मग रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया न कळताच पाठ केल्या जातात. परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की पाठांतर कोसळते आणि मूल म्हणते, "मला केमिस्ट्री जमत नाही." कित्येकांचे शिक्षण इथेच सुटते.

आज एकच अभिक्रिया सोडवू, तीही इथलीच. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून धागा बनतो. ही व्हिस्कोस पद्धत १८९२ साली इंग्लंडमध्ये शोधली गेली. लगद्यातले सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. मग त्याचा धागा काढायचा कसा?

अवघड अभिक्रिया दिसली की वहीत तीन प्रश्न लिहा. इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत? ते कोण घेऊ शकेल? कोणता बंध जुळेल आणि कोणता तुटेल?

सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात भिजवले की त्याच्या काही ओएच गटांतला प्रोटॉन निघतो आणि ऑक्सिजनवर ऋण प्रभार उरतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आता कार्बन डायसल्फाइड मिसळतात. त्यातला कार्बन दोन गंधकांना दुहेरी बंधांनी जोडलेला असतो. ऑक्सिजन त्या कार्बनला जुळतो. कार्बनला चारच बंध झेपतात, म्हणून एका दुहेरी बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी गंधकावर सरकते. झाले नारिंगी झँथेट! ते सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळते. हा दाट द्राव बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सोडतात. ॲसिड प्रोटॉन देते, कार्बन डायसल्फाइड सुटून जातो आणि सेल्युलोज परत मिळते, आता धाग्याच्या रूपात.

यात पाठ करण्यासारखे फार थोडे आहे. बांध फोडला की पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात जाते, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. अभिक्रियेतला बाणही तसाच काढा: इलेक्ट्रॉन असतील तिथून निघून, ते जातील तिथे पोचणारा. प्रत्येक पायरीनंतर प्रभार मोजा. झँथेट होण्याआधी ऑक्सिजनवर एक ऋण होता, नंतर गंधकावर एक ऋण आहे. हिशेब जुळला. जुळला नाही तर चूक त्याच पायरीत आहे, सगळे पान खोडू नका.

उत्तर पाहण्याआधी दहा मिनिटे स्वतः झगडा. अडलेली पायरी आपल्या बोलीत मोठ्याने सांगा, ठाकरीत, कातकरीत, जशी घरी बोलता तशी. जे आपल्या बोलीत सांगता आले, ते इंग्रजीत लिहिणे सोपे जाते.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी काहींनी कारखान्यात किंवा शाळेत आयुष्य घालवले आहे. फी आणि पुस्तकांची मदत तुम्ही करताच, आता आठवड्यातला एक तासही द्या. उत्तर तुम्हाला येत नसले तरी चालेल. मुलाशेजारी बसा, "पुढचा बाण कुठून निघेल?" एवढेच विचारा आणि ते बोलेपर्यंत थांबा.