शिलकी वस्तूचा धनी कोण?

सातपुड्याच्या माथ्यावर, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यांत तोरणमाळ वसलें आहे. उंची साडेतीन हजार फुटांहून अधिक. यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी पाहण्यास प्रवासी येथें येतात. महाशिवरात्रीस गोरक्षनाथाच्या दर्शनासाठीं भाविकांची दाटी होते. प्रवासी परतल्यावर उरतें तें एक साधें आदिवासी गांव. त्यालाही नळ लागतात, पंप लागतात, आणि कधीं ना कधीं ते जुने होतात.

अशा गांवीं नवी नळयोजना आली, आणि जुना पंप, लोखंडी नळ व पत्र्याची टाकी हीं सारीं पंचायतीच्या आवारांत पडून राहिलीं, अशी कल्पना करावी. पायथ्याहून भंगारवाला येतो, एक रक्कम सांगतो, नोटा पुढें करतो. सरपंचानें त्या घेतल्या तर बिघडलें कोठें? घरचा गृहस्थ जुनी सायकल अशीच विकतो, वाटल्यास शेजाऱ्यास फुकट देतो. त्याला कोणी जाब विचारीत नाहीं.

बिघडतें तें येथेंच. गृहस्थ आपल्या वस्तूचा धनी असतो. सरपंच गांवाच्या वस्तूचा केवळ विश्वस्त. १९८५ सालीं 'राम अँड श्याम कंपनी' विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हाच भेद स्पष्ट केला. खासगी मालक आपली वस्तू हव्या त्या दरानें देऊं शकतो. सार्वजनिक मालमत्ता विकणारानें मात्र, लोकहिताचें दुसरें सबळ कारण नसेल तर, उत्तमांत उत्तम किंमत मिळविली पाहिजे.

विक्रीचे सारे नियम या एका तत्त्वांतून निघतात. पहिला प्रश्न असा कीं, वस्तू शिलकी आहे हें ठरविलें कोणी? जडसंग्रह नोंदवहींत तिची नोंद हवी, जाणकारानें ती तपासलेली हवी, आणि निर्लेखनाचा ठराव लेखी हवा. मैदानांतील गांवीं जो पंप भंगार ठरेल, त्याचेच सुटे भाग डोंगरावर भर उन्हाळ्यांत नळ चालू ठेवूं शकतील. दुसरा प्रश्न किंमतीचा. मूल्यांकन बोलीपूर्वीं व्हावें, आणि सूचना एकट्या भंगारवाल्याच्या नव्हे तर चौघांच्या कानीं जावी. तिसरा प्रश्न घेणाराचा. किंमत ठरविणारा किंवा त्याचा आप्तच बोलींत उतरला, तर तो लिलाव नांवाचाच. चौथा प्रश्न पैशाचा. तो ग्रामनिधींत जमा झाल्याची पावती दिसली पाहिजे.

जमिनीची व इमारतीची गोष्ट याहून गंभीर आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें पंचायतीस आपली स्थावर मालमत्ता विकावयाची असल्यास जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. अनुसूचित क्षेत्रांसाठीं १९९६ सालीं झालेल्या 'पेसा' कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. सामूहिक साधनसंपत्तीचें रक्षण करण्यास ग्रामसभा समर्थ आहे असें त्यानें मानलें, आणि पंचायतीनें निधीच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा असें बंधन घातलें. वरून अधिकारी पाहतो, खालून गांव पाहतें.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यांत १९३० सालीं मतदारांनीं लोकांच्या मालकीचे वीज-पाणी जिल्हे स्थापण्याचा कायदा मंजूर केला. तेथेंही झिजलेलीं, निरुपयोगी यंत्रें मंडळ स्वतः विकूं शकतें. परंतु चालतें वीजकेंद्र वा जलयोजना विकावयाची तर सामान्यतः मतदारांनाच विचारावें लागतें. देश निराळा, पण तत्त्व तेंच: जें झिजलें तें कारभाऱ्यानें विकावें, ज्यावर गांव जगतें तें गांवाला विचारून.

इतक्या सोपस्कारांत वस्तू गंजून जाते, ही तक्रार खोटी नाहीं. फायलींत अडकलेला पंप दरवर्षीं आपली किंमत गमावतो, आणि तीही गांवाचीच हानि होय. यावर उपाय नियम टाळणें हा नव्हे, तर ते वेळेवर पाळणें हा आहे. नवी योजना सुरू होतांच जुन्याची यादी व्हावी, ती ग्रामसभेपुढें वाचली जावी आणि विक्रीची मुदत तेथेंच ठरावी. पावसाळा लागण्यापूर्वीं जें विकलें जाईल त्याचे चार पैसे अधिक येतील. आणि ज्यांनीं यादी ऐकली, त्यांना त्या पैशाचें काय झालें हें विचारतांही येईल.