घरजावई पाणी

(केज येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपण इथं पंख्याखाली बसलोय, आणि बाहेरच्या काळ्या रानात भेगा पडल्यात. काही भेगा अशा की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. परगावचा माणूस म्हणेल, रान मेलं. तुम्ही म्हणणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे की रान झोपलंय.

या झोपेत कोण कोण आहे ते आधी बघू. गांडूळ खाली ओलीच्या मागानं गेलंय आणि अंगाची गाठ मारून पडलंय. गोगलगायीनं शंखाचं तोंड पडद्यानं बंद केलंय. तुरीला मर रोग आणणारी बुरशी जुन्या धसकटात दबा धरून आहे. ती दोन-तीन वर्षंसुद्धा वाट बघू शकते. जिवाणूंपैकी कुणी टणक कवच करून घेतलंय, कुणी मातीच्या कणाकणातल्या उरल्यासुरल्या ओलाव्याला चिकटून आहे. मृगाचा तो मखमली लाल किडासुद्धा खालीच आहे. तो आभाळातून पडतो असं लहानपणी आपल्याला सांगितलं जायचं.

मग पहिला पाऊस येतो आणि वास सुटतो. या वासात मोठा वाटा जमिनीतल्या ॲक्टिनोमायसिटीस गटातल्या जिवाणूंचा. त्यांनी बनवलेला ‘जिऑस्मिन’ नावाचा पदार्थ थेंबांच्या माऱ्यानं हवेत उडतो. म्हणजे ज्याला आपण मातीचा वास म्हणतो, तो बराचसा मातीतल्या जिवांचा वास आहे.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, ती नाकाला कळत नाही. एच. एफ. बर्च नावाच्या संशोधकानं पूर्व आफ्रिकेत काम करून 1958 साली ती नीट मांडली. कडक वाळलेली माती भिजली की काही दिवस तिच्यातून कर्बवायूचा लोट निघतो आणि पिकाला लागणारा नत्र एकदम मोकळा होतो. उन्हात मेलेल्या जिवाणूंवर जगलेले जिवाणू ताव मारतात, त्या पंगतीतलं उरलंसुरलं पिकाला मिळतं. आपल्याकडं उन्हाळ्यात नांगरून रान तापू द्यायचं, हा रिवाज बर्चच्या कितीतरी आधीचा. कारण कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण तापलेल्या रानातलं पीक जोमदार येतं हे डोळ्यांना दिसत होतं.

काळी जमीन तर स्वतःच स्वतःला नांगरते. भेगा पडतात, वरची माती, पालापाचोळा भेगेत पडतो, पावसात चिकणमाती फुगते आणि खालची माती वर रेटते. बिनबैलाची नांगरट ही! पण तिच्यासाठी रान वाळावं लागतं.

आता पाण्याकडं येऊ. आपल्या तालुक्यात विडा गाव आहे. धुळवडीला तिथं जावयाला गाढवावर बसवून मिरवतात आणि मग कपडे करून मान देतात, हे मी केजमध्ये सांगायला नको. कोरडवाहू रानाला पाणी हे जावयासारखं आहे. ठरल्या दिवशी आलं की सगळं घर जागं होतं. पण ते घरजावई होऊन बारमाही राहिलं की काय होतं? आजचं व्याख्यान एवढ्यावरच आहे.

आपल्या धनेगावला मांजरा धरण झालं आणि कालव्याच्या, धरणाच्या कडेच्या रानांत ऊस आला. आपला पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. हा हिशेब धरणानं कसा फेडला ते 2016 मध्ये दिसलं. धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. त्या गाडीवर पुष्कळ बोललं गेलं. मला मात्र उसाच्या पाण्याखालच्या मातीबद्दल बोलायचंय, कारण तिच्यासाठी कुणी गाडी सोडत नाही.

मराठीत एक शब्द आहे, वाफसा. पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले, ढेकूळ हातात घेतलं तर चिखल लागत नाही आणि फुफाटाही होत नाही, तो वाफसा. त्या वेळी मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी असतं आणि मोठ्या पोकळ्यांत हवा. जिवाणूंना दोन्ही लागतं. मोकाट पाणी दिलं की हवा हुसकली जाते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं सुमारे 10,000 पट सावकाश सरकतो. मग श्वास घेणारे जीव थंडावतात आणि हवेशिवाय जगणारे वरचढ होतात. हे दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. युरियाचे पैसे तुमचे, गोणी मात्र अशी आभाळात जाते! भारी काळ्या जमिनीत पाणी आधीच हळू मुरतं. त्यात पाळीवर पाळी दिली की वाफसा येतच नाही, रान चिबडतं.

दुसरं संकट दिसायला वेळ लागतो. एक साधा हिशेब करू. एका एकरावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार लाख लिटर. लिटरमागं अर्धा ग्रॅम क्षार धरा, हे पाणी प्यायला गोडच लागतं. तरी एका पाळीत दोनशे किलो क्षार रानात आले. अशा पंधरा पाळ्या दिल्या की तीन टन. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. काही पावसानं खाली धुऊन जातात, पण निचरा नसला की साठतात. मग जमिनीला मीठ फुटतं, नाहीतर सोडियम वाढून ती चोपण होते. ओल्या मातीतसुद्धा जिवाणूच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मुळांवर गाठी करणारे जिवाणूही माघार घेतात.

हे घडून गेलंय. डाव्या नीरा कालव्याचं पाणी 1885 साली आलं, ते दुष्काळापासून वाचवायला. पुढं त्यावर ऊस फोफावला आणि मागोमाग क्षारानं रानं वाया जाऊ लागली. मग इंग्लिस आणि गोखले हे अभियंते पाणी देण्याऐवजी पाणी काढून टाकण्याच्या मागं लागले. अलीकडं शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना बरोबर घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली. आपल्या बीड जिल्ह्यातली माणसं दरवर्षी ऊसतोडीला कोयते घेऊन तिकडं जातात. पांढरं पडलेलं रान त्यांनी पाहिलेलं असतं. या विषयावर खरं तर त्यांना इथं उभं करायला हवं होतं.

म्हणजे पाणी वाईट? मुळीच नाही. रब्बी ज्वारीचा खडखड्या रोग घ्या. तो आणणारी बुरशीही जमिनीतच झोपलेली असते आणि दाणा भरताना ताटाला ओल कमी पडली की उठते. तेव्हा दिलेलं एक संरक्षित पाणी तिचा डाव मोडतं. आणि पाण्यानं पीक वाढलं की मुळं वाढतात, पाला वाढतो, जिवाणूंची शिदोरी वाढते. उसाच्या एका एकरातून तीन-चार टन पाचट निघतं. ते कुजवलं तर बागायती रान कोरडवाहूपेक्षा जास्त जिवंत राहू शकतं. आपण काडी लावतो.

ओल बारमाही झाली की नको ते जीवही बारमाही होतात. 2022 च्या पावसाळ्यात बीड, लातूर, धाराशिवकडं शंखी गोगलगायीनं सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, हे तुम्ही भोगलंय. गोगलगायीला उन्हाळा काढायला सावली आणि ओल लागते. उसाचा फड, ओले बांध, बागा यांनी ती दिली असं माझं मत आहे. पाऊसपाणी हे कारण होतंच, पण उन्हाळ्यात ती तगली कुठं, हेही विचारायला हवं.

ठिबकनं सुटका होते का? बरीच. तोटीखाली कांद्याच्या आकाराची ओल राहते, भोवती हवा राहते. फक्त क्षार त्या कांद्याच्या कडेला जमतात. म्हणून पावसाची पहिली हलकी सर आली की ठिबक लगेच बंद करू नका. ती सर कडेचे क्षार मुळाशी ढकलते, ठिबक चालू असेल तर ते बाहेरच राहतात.

हे सगळं माझ्या सांगण्यावरून मानू नका. घरातलं जुनं सुती धोतर फाडा, सारखे दोन तुकडे करा. एक उसाच्या सरीत वीतभर खोल पुरा, दुसरा कोरडवाहू तुरीत, पहिल्या पावसानंतर. दोन महिन्यांनी दोन्ही उकरा आणि कुठल्या तुकड्याची जास्त चाळण झाली ते बघा. ज्या रानात खाणारे जास्त, तिथं धोतर कमी. पुरताना खुंटी मात्र ठोका. मी पहिल्यांदा खूण केली नव्हती. उसातला तुकडा पुढच्या वर्षी नांगराच्या फाळाला गुंडाळून वर आला, आणि त्याची किनार अजून शाबूत होती.